टॅबिथाबाईंचा निखारा

फार मागची गोष्ट. अमेरिकेत एका ठिकाणी नुसतं गवतच गवत होतं, झाड औषधालाही नाही. तिथं चार घरं नव्यानं वसली. घरं कसली, मातीची ढेकळं एकावर एक रचलेली. शाळाही तसलीच. लाकूड नव्हतं, म्हणून रानगव्यांच्या गोवऱ्या जाळायच्या. शाळेचा नेम असा, की बाईंना स्वतःचं घर नाही. ज्याचं पोर शाळेत, त्याच्याकडे बाईंनी पाळीनं आठवडाभर राहायचं.

तिथल्या मर्सीला या नेमाचीच धास्ती. नवरा वारलेला, घरात मक्याचा भरडा तेवढा. बाईंना काय वाढायचं? म्हणून आपला आठवडा जवळ आला तसं तिनं आपल्या लेकीला, नेलला, घरीच ठेवलं. विचारलं कुणी, तर म्हणायची, "थंडी बाधते हो पोरीला." नेल मात्र रोज दाराशी बसायची. "आई, आज तरी जाऊ?"

त्यातच बर्फाचं वादळ आलं आणि मर्सीची चूल विझली. आगकाड्या संपलेल्या. तिकडं असं झालं की शेजारून विस्तव आणायचा. पण शेजारी विचारणार, पोर शाळेत का नाही? मर्सीची लाज तिला उठू देईना. नेलचे ओठ निळे पडले, तेव्हा मात्र तिनं शाल गुंडाळली, दार उघडलं, तर समोर शाळेच्या टॅबिथाबाई! हातात झाकणाचं लोखंडी भांडं.

"नेल येईना, म्हणून मीच आले. या आठवड्याची पाळी तुमचीच ना?"

"बाई, घरात भरड्याशिवाय काही नाही हो."

"मग भरडाच शिजवा! मागच्या घरी डुकराचं मटण खाऊन खाऊन पोट बिघडलंय माझं."

भांड्यात शाळेच्या शेगडीतला निखारा होता. एवढ्या वादळातून आणलेला, तरी लालबुंद. असं म्हणतात, की बाईंची पावलं पडली तिथला बर्फ वितळला, आणि पुढं पहिलं हिरवं गवत त्याच पावलांत उगवलं.

आठवडाभर चुलीपुढच्या राखेत बोटानं अक्षरं उमटली. आधी नेलची, मग हळूच मर्सीची. असं म्हणतात, की ती राख कितीही झाडली तरी सकाळी अक्षरं जागच्या जागी.

आठवडा संपला. बाई निघाल्या, तेव्हा नेल त्यांचं बोट धरून पुढं होती. मर्सीनं भांडं परत द्यायला पुढं केलं. बाई म्हणाल्या, "राहू द्या. दुसरी कुणी घाबरली, तर तिला द्या."

आजही तिथं शाळा उघडते त्या दिवशी शेगडी पेटवतात. ज्या आईला पोर पाठवताना सगळ्यात जास्त भीती वाटते, तिनं भांडं पुढं करायचं आणि निखारा घरी न्यायचा. कसली भीती, ते कुणी विचारत नाही. संध्याकाळी शाळेतल्या बाई तिच्याकडे भरडा जेवायला जातात.

आता एक भांडं पुरत नाही म्हणे. रांग लागते.