सिदू भोयाच्या घुगऱ्या

कासार आळीच्या तोंडाशी तो भेळेचा गाडा दिसतो ना, तिथं जरा थांबा आणि कान द्या. ती दोन वेण्यांची पोरगी गाडेवाल्यापुढं घडाघडा म्हणतेय ते पाढे नव्हेत. सकाळी चहा-बटर, शाळेत खिचडी, मधल्या सुट्टीत दोन चिंचा आणि मैत्रिणीची अर्धी चोखलेली गोळी. हे सगळं सांगून होईपर्यंत गाडेवाला भेळेच्या पातेल्याला हात लावत नाही. भेळ असो, कुल्फी असो, उकडलेल्या शेंगा असोत. या आळीत पोरानं आधी दिवसभराचं खाल्लेलं सांगायचं, मगच हात पुढं करायचा. बाहेरगावचे पाहुणे हसतात. मी त्यांना पोटभर हसू देतो आणि मग गोष्ट सांगतो.

ही चाल सिदू भोयापासून पडली, असं सांगतात. शे-सव्वाशे वर्षं झाली असतील. रोज तिसऱ्या प्रहरी सिदू डोक्यावर पितळी पातेलं घेऊन यायचा. त्यात हरभऱ्याच्या तिखट घुगऱ्या. पोरं त्याला सिदूमामा म्हणायची. कुणाची आई रानात, कुणाचा बाप बाजाराला. निम्मी आळी त्याच्या द्रोणावर वाढली म्हणे. आळीला त्याचं भारी कौतुक होतं, आणि ते एका दुपारीत संपलं.

त्या दुपारी घुगऱ्या खाऊन पोरं खेळायला गेली आणि दिवेलागणीला आठजण ओकायला लागली. त्यांत आळीचे प्रमुख बाळाप्पा कासार यांची सात वर्षांची तानूही होती. वैद्याच्या आधी निवाडा येऊन पोचला: भोयानं काहीतरी घातलं. पोरं रात्रीतून सावरली, पण दुसऱ्या दिवशी सिदू नेहमीसारखा आला तेव्हा त्याला धरून मारुतीच्या पारावर बसवलं.

"तुझ्या घुगऱ्या चांगल्या असतील तर तूच खा की," बाळाप्पा म्हणाले.

"खातो की मालक. माझ्याच हातच्या हायेत."

पहिले चार द्रोण त्यानं चवीनं खाल्ले. त्याला वाटलं, एवढ्यावर मिटेल. बाळाप्पांनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "अजून आहेत." किती द्रोण झाले यावर एकमत नाही. माझे आजोबा बावीस म्हणायचे, चुलते चाळीस, मी साठावर आलोय. मेलेला माणूस दरवर्षी थोडं जास्तच खातो. त्यानं पाणी मागितलं तर पाणी दिलं, आग्रहानं दिलं. कुणीतरी म्हणालं, "वाढा की पावण्याला," आणि आळी हसली. हसल्याचं मात्र सगळ्या पिढ्यांनी सारखंच सांगितलंय.

मध्येच सिदूनं पोरांकडं पाहिलं. "लेकरांनो, काल दुसरं काय खाल्लं व्हतं का रं?"

तानूला ठाऊक होतं. ओढ्याकाठच्या कुंपणातल्या मोगली एरंडाच्या बिया फोडून खाल्ल्या होत्या, शेंगदाण्यासारख्या लागतात. सांगितलं तर सिदूमामा सुटणार होता आणि तिची पाठ सोलून निघणार होती, कारण ओढ्याकडं जायची मनाई होती. तिनं बापाच्या हातातली वेताची काठी पाहिली आणि मान खाली घातली. सिदू पातेल्याच्या तळाला पोचला आणि तिथंच कलंडला. दिवस मावळायच्या आत गेला.

त्याच संध्याकाळी तानूच्या आईला पोरीच्या ओच्यात बियांची टरफलं सापडली. टरफलं चुलीत गेली. सिदूच्या बायकोला, चंद्राक्काला, निरोप गेला की तुझा नवरा फार अधाशी होता.

पण पोरांनी खाल्लेल्यातल्याच उरलेल्या घुगऱ्या, पोरं ओकली त्याच रात्री, चंद्राक्कानं स्वतः खाल्ल्या होत्या. तिला काही झालं नव्हतं. चौदाव्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ती तेच पातेलं डोक्यावर घेऊन आळीत आली. द्रोण भरला, तानूला पुढं बोलावलं, पण द्रोण दिला नाही.

"आज काय काय खाल्लंस, बाय?"

"भाकरी. ताक."

"आन त्या दिशी?"

सगळ्या आळीदेखत पोरगी म्हणाली, "बिया." बाळाप्पांनी काठी उचलली.

"मारा की मालक," चंद्राक्का म्हणाली. "चौदा दिस उशीर झालाय."

काठी खाली आली नाही. चंद्राक्कानं द्रोण तानूच्या हातात दिला आणि शेवटच्या दाण्यापर्यंत समोर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. एकतीस वर्षं येत होती म्हणे. तिला बंदी घालावी असं पुष्कळांना वाटे, पण बंदी घालायची तर कारण सांगावं लागलं असतं. तानूचं लग्न आळीतच झालं, कडेवर पोर आलं, डोक्यात पांढरे केस आले. रोज तेच दोन प्रश्न, रोज तेच दुसरं उत्तर. चंद्राक्का गेल्यावर तानूला कुणी विचारेना, तर ती आपणहून दारात उभी राहून काय काय खाल्लं ते प्रत्येक फेरीवाल्याला सांगू लागली. फेरीवाल्यांना सवय लागली, पोरांनाही लागली.

आजही कासार आळीतलं पोर गाड्यावर खोटं बोलत नाही. परवाच एकानं शाळा बुडवून खाल्लेली जत्रेतली जिलबी जशीच्या तशी कबूल केली. गाडेवाला हूं म्हणाला आणि त्यानं भेळ कालवली. तेच पोर घरी जाऊन आईला म्हणालं, सकाळपासून काहीच नाही खाल्लं. घरी खरं सांगायची चाल आमच्याकडं पडली नाही. घरी अजून मारतात.