बारकूअण्णांचा डबा

"मग विकू का ठेवू? एवढं एकच सांगा, उस्ताद."

दाऊद उस्ताद आपल्या गॅरेजात खाली बसले होते. रॉकेलच्या ताटलीत त्यांनी डिझेल इंजिनाचा एक नॉझल बुडवला होता आणि जुन्या टूथब्रशने ते तो घासत होते. घासतच राहिले.

सुमेध उभ्या उभ्या पेंगत होता. पहाटे तीनला उठलेला माणूस तो, आणि आता दुपारचे दोन वाजत आलेले. बाहेर उन्हात त्याची पिकअप उभी होती, बॉनेट उघडं, तोंडातून वाफ. घाटात चौथ्या वळणावर तापली, तिथून ढकलत, उतारावर सोडत, पुन्हा ढकलत तिला पोफळीपर्यंत आणलेली. या महिन्यातली ही सहावी वेळ.

त्याने सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. पुण्यातली नोकरी सोडली, सेकंडहँड पिकअप घेतली, चिपळूणच्या बेकरीचा पाव घाटावर पोचवायचं काम धरलं. हेळवाक, कोयनानगर, मधल्या सगळ्या टपऱ्या. सकाळी सातच्या आत पाव पोचला पाहिजे, नाहीतर वडे तळून तयार आणि टपरीवाला रस्त्याकडे बघत बसलेला. आठ महिने झाले. आठ महिन्यांत गाडी कधी गरम होते, कधी स्टार्टच होत नाही, कधी तिसऱ्या गिअरमधून आपोआप न्यूट्रलला येते. आणि डावीकडे वळलं की हॉर्न वाजतो. आपला आपण. एकदा एका अंत्ययात्रेच्या मागे वाजला, लोक मारायला धावले.

चार मेकॅनिक झाले. एकाने रेडिएटर बदलला, दुसऱ्याने बॅटरी, तिसऱ्याने वायरिंग. चौथा म्हणाला, गाडीला नजर लागलीय, लिंबू बांधा. तेही बांधलं.

"लिंबाने काय झालं?" उस्तादांनी विचारलं. इतक्या वेळात पहिल्यांदाच.

"लिंबू पडलं. वळणावर."

उस्ताद हसले का नाही ते दाढीत कळलं नाही.

आज सकाळी बेकरीच्या निर्मलाबाईंनी फोनवर शांतपणे सांगितलं होतं की सोमवारी उशीर झाला तर मंगळवारपासून दुसरा माणूस येईल. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आज शनिवार. रविवारी बेकरी बंद. म्हणजे हातात उरला होता उद्याचा दिवस.

"म्हणून विचारतोय," सुमेध म्हणाला. "दमलो मी, उस्ताद. खरंच दमलो. गाडीच खराब आहे, का माझं नशीब, तेच कळेना. विकून टाकू का?"

...

"कुणाची होती?"

"बारकूअण्णा म्हणून आहेत अलोऱ्याचे. चौदा वर्षं त्यांनीच चालवली. गुडघे गेले म्हणून विकली."

"माहितेय," उस्ताद म्हणाले. "घेतलीस त्या दिवशी काय केलंस?"

सुमेधचा चेहरा जरा उजळला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी घेतली होती, हे तो मोठ्या हौसेने सांगायला लागला. दारात उभी केली, बायकोने आणि त्याने मिळून दिवसभर धुतली. शाम्पूने. टायरला काळं पॉलिश मारलं. पूजेला उभी राहिली तेव्हा शेजारचे म्हणाले, नवीच घेतली की काय. फोटो अजून मोबाइलवर होता, तो त्याने काढून दाखवला.

उस्तादांनी फोटो बघितला नाही.

"काढून काय काय टाकलंस?"

"कुठे काय. कचरा होता तेवढा काढला. म्हाताऱ्याने नुसता भंगारबाजार करून ठेवला होता आत."

"सांग."

"आता ते काय सांगू... बॅटरीखाली लाकडाची पाचर होती, सडकी. वायरींना सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. गिअरच्या दांड्याला एक रबर, डॅशबोर्डच्या खिळ्याला अडकवलेलं. लहान पोरांसारखं. आणि रेडिएटरच्या मागे, तुम्हाला हसू येईल, तेलाचा डबा कापून तारेने बांधला होता. गंजलेला. त्यावर अजून पामतेलाचं चित्र."

ब्रश थांबला.

उस्ताद उठले, कमरेवर हात ठेवून सरळ झाले आणि हात धुवायला बाहेर नळावर गेले. जाताना एवढंच म्हणाले, "बस. आलो."

सुमेधला नुसतं बसणं जमत नाही. त्याने नट-बोल्टचे दोन पाने उचलून फळीवर ठेवले. सांडलेले नट एका वाटीत गोळा केले. येताजाता दाराच्या मधोमध उभ्या असलेल्या एका लोखंडी पाइपला तो दोनदा अडखळला होता, आता परत चाललं तर तिसऱ्यांदा अडखळणार. वाकडा, गंजलेला पाइप, बरोबर येण्याजाण्याच्या वाटेत. एवढा मोठा उस्ताद, पण गॅरेज असं. म्हाताऱ्या उस्तादांची वाट मोकळी होईल म्हणून त्याने तो पाइप अलगद उचलून कोपऱ्यात ठेवायला घेतला.

तीन पावलं आत गेला असेल. मागे शटर करकरलं आणि धाडकन खाली आलं.

अंधार. फक्त शटरच्या भोकांतून उन्हाचे ठिपके.

त्याने शटर धरून वर ओढलं. वीतभर उठलं आणि पुन्हा बसलं. पुन्हा ओढलं, पुन्हा बसलं. बोटं काळी झाली.

"उस्ताद..."

बाहेर नळ चालू होता. बंद झाला.

"उस्ताद, शटर पडलं."

"ऐकलं मी."

"स्प्रिंग गेलीय वाटतं याची."

"बारा वर्षं झाली."

बाहेर कुणीतरी बसल्यासारखं बाक करकरलं, तेवढंच. उस्ताद काय करतायत कळेना. विचारायची लाज वाटली. सुमेध अंधारात एका टायरवर बसला. पाइप अजून हातातच होता.

पामतेलाचा डबा, त्याला उगीचच आठवलं. पंख्याच्या भोवती गोल बसवला होता, कडा आत वळवलेल्या, हात कापू नये म्हणून. कापायला, वळवायला त्या माणसाला एक पूर्ण दुपार लागली असेल. पंख्याने ओढलेला वारा इकडेतिकडे न जाता सगळा रेडिएटरमधूनच...

अंधारात त्याने बोटं मोजायला घेतली.

डबा. आणि घाटात गरम होणं. बॅटरीखालची पाचर, आणि खड्ड्यांतून आलं की स्टार्ट न होणं. ट्यूबची पट्टी, आणि डावीकडचं वळण. रबर, आणि तिसरा गिअर. एक बोट, दुसरं बोट, तिसरं, चौथं. चार मेकॅनिक आणि आठ महिने.

आणि मग जे आठवायला नको होतं ते आठवलं. गाडी ताब्यात घेतली त्या सकाळी बारकूअण्णा बॉनेटवर हात ठेवून उभे होते. हात काढत नव्हते. म्हणाले होते, एकदा घाटातून मी येतो बरोबर, वर जाऊन खाली येऊ, दोनचार गोष्टी आहेत हिच्या. सुमेधला वाटलं होतं, म्हाताऱ्याचा जीव अडकलाय गाडीत. तो हसून म्हणाला होता, अण्णा, आता गाडी माझीय, तुम्ही आराम करा.

अण्णांनी हात काढला होता.

"उस्ताद," तो शटरला तोंड लावून म्हणाला. "डबा तुमच्यासमोर बसवला होता का त्यांनी?"

"इथेच. याच बाकावर बसून कापला."

...

"तुझ्या गाडीत जॅक आहे?" उस्तादांनी बाहेरून विचारलं. "का तोही कचऱ्यात गेला?"

"आहे. सीटखाली."

"तो कसा राहिला?"

"चांगला दिसत होता."

बाहेर उस्ताद खोकले. मग गाडीचं दार उघडल्याचा आवाज, चपला घासत आल्याचा आवाज. शटरच्या खाली लोखंड सरकलं आणि हळूहळू, एकेका दट्ट्याला बोटभर असं, शटर उठायला लागलं. आधी उन्हाची एक रेघ आत आली. मग पट्टा. हातभर उठल्यावर जॅक थांबला.

"आणखी वर जात नाही," उस्ताद म्हणाले. "ये असाच."

सुमेध जमिनीवर आडवा झाला. ग्रीस, ऑइल, लोखंडाचा कीस, त्या सगळ्यातून पोटावर सरपटत तो बाहेर आला. पांढरा शर्ट गेला कामातून. उठून बसला तेव्हा त्याच्या हातात पाइप होता.

उस्तादांनी एका बाजूने शटर धरलं, त्याने दुसऱ्या बाजूने. दोघांनी मिळून वर केलं. सुमेधने खांदा लावून ठेवला आणि मोकळ्या हाताने पाइप पुन्हा शटरखाली टेकवून बसवला. जमिनीत त्यासाठी एक छोटा खळगा होता. बारा वर्षांत पडलेला. आधी तो त्याला दिसलाच नव्हता.

गाडीतून वाफ यायची थांबली होती. सुमेधने रेडिएटरमध्ये पाणी ओतलं.

त्याने बॉनेट लावलं. जोरात न आपटता, दोन्ही हातांनी दाबून. हात तसेच बॉनेटवर राहिले, थोडा वेळ.

"अण्णा या वेळी घरी असतात का?"

"पडवीत असतो. रस्त्याकडे बघत."

सुमेध गाडीत बसला. स्टार्टर दोनदा कुरकुरला, तिसऱ्यांदा लागला. गाडी वळवताना, डावीकडे, हॉर्न वाजला. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चेहऱ्यावर ग्रीसचा पट्टा, डोळे झोपेने लाल.

"उस्ताद, पण ते राहिलंच. विकू का ठेवू?"

दाऊद उस्ताद पुन्हा ताटलीपाशी बसले होते. ब्रश हातात घेऊन त्यांनी नॉझल उन्हाकडे धरला, भोकातून एक डोळा लावून बघितलं.

"आधी अण्णाकडून नीट घे तरी."