ध्वजावरून निसटलेला पांढरा घोडा

जर्मनांच्या मुलखात, उत्तरेच्या गार समुद्रालगतच्या एका राज्यात हार्टविग नावाचा राजा होता. त्याचा ध्वज काळा, तांबडा, सोनेरी. मधोमध तांबड्या ढालीवर उसळलेला पांढरा घोडा. रीत अशी की घोड्याचे तोंड सदैव काठीकडे. काठी पुढे चाले, घोडाही पुढेच धावे. पण दरबारात काठी पलीकडच्या टोकाला, त्यामुळे सिंहासनाकडे यायची ती घोड्याची शेपटी. राजाला हे कसे खपावे? त्याने नवा ध्वज करवून घोडा उलट्या तोंडाने भरून घेतला.

ध्वज रणात निघाला मात्र, घोडा माघारी पळू लागला. कापडातून उडी घेत तो म्हणाला, "मला पळपुटा केलेत. आता तुमचाही पाय कुठे ठरणार नाही."

तसेच झाले. बाया चालता चालता पोरांना पाजू लागल्या. न्यायाधीश फिरत फिरत निकाल देत, आणि निकालही तसेच फिरत. राजा तर येरझारा घालून झिजत चालला. त्याचे रक्ताळलेले पाय राजकन्या गिसेलाने पाहिले. आता बाबा जगत नाहीत, हे तिला कळून चुकले. ती तडक निघाली.

वाटेत डोमकावळा बोलला, "राजकन्ये, तीन धागे आण, नवा ध्वज विण. मग घोड्याला विचार, परत येशील का."

काळा धागा दलदलीतल्या चेटकिणीकडे होता. ती म्हणाली, "माझी मांजर झोपव." गिसेलाला बसता कुठे येत होते! मांजर ओच्यात घेऊन ती गरगर फिरली, तेव्हा कुठे मांजरीचा डोळा लागला. तांबडा धागा डोंगरातल्या बुटक्याकडे होता. त्याने विचारले, "दोष कुणाचा?" "माझ्या वडिलांचा," गिसेला म्हणाली आणि धागा मिळाला. सोनेरी धाग्यासाठी जादूगाराने तिची वेणी मागितली. तिने ती कापून दिली आणि वाट धरली.

चालता चालता ध्वज विणून ती समुद्रावर पोचली. घोडा लाटांतून सैरावैरा धावत होता.

"काठी कोण धरणार?" त्याने विचारले.

"माझे वडील."

"तर येईन."

गिसेला धावतच महालात आली. "बाबा, ध्वज आपण धरावा."

"मी? राजाने भालदारासारखी काठी धरायची?"

"घोडा काठीकडेच पाहतो, बाबा. त्याने आपल्याकडे पाहावे असे वाटत असेल, तर काठी आपल्या हाती हवी."

राजाने मान खाली घातली. मुकुट सिंहासनावर ठेवून तो बाहेर वाऱ्यात आला आणि त्याने नव्या ध्वजाची काठी पेलली. पांढरा घोडा खिंकाळत आला, ढालीवर चढला आणि राजाच्या डोळ्यांत थेट पाहू लागला. त्याच क्षणी राजाचे पाय थांबले. गावोगाव माणसे होती तिथेच मटकन बसली. शाप उतरला, राज्याची घडी बसली.

राजा काठीपाशीच खाली बसला, गिसेलाही बसली. बापाचे पाय तिने मांडीवर ओढून घेतले आणि तिला रडू कोसळले. राजा मात्र काठीला टेकून घोरत होता.