ब्रेकचा दिवा लागतोय का

“म्हणजे घरातल्या माणसानं तोंडावर खोटं बोलायचं आणि मी ते मुकाट्यानं गिळायचं, असंच ना, महाराज?”

तुळजागिरी महाराज अजून काहीच म्हणाले नव्हते. मठाच्या ओट्यावर बसून ते तांदळातले खडे काढत होते.

दामोदर शेवाळेचं डोकं कालपासून तापलेलं होतं. काल बाजाराच्या चौकात त्यानं गाडीचा ब्रेक दाबला, मागचा दिवा काही लागला नाही, आणि मागून येणारा मोटारसायकलवाला सरळ डिकीवर येऊन आदळला. बिचाऱ्याचं मनगट मोडलं. रस्त्यात बसूनच त्यानं भर बाजारात दामोदरला सुनावलं, की दिवे लागत नसतील तर गाडी घरात ठेव आणि हळदकुंकू वाहा तिला.

दामोदरला ते फार झोंबलं. आपल्या गाडीला परक्याचा हात लागू न देणारा हा गृहस्थ. फ्यूज बदलणार तो, वायर जोडणार तो, आणि वर गावाला अक्कल शिकवणारही तोच.

मठाचा एक रिवाज होता. ज्याच्याबद्दल गाऱ्हाणं, त्याला सोबत आणल्याशिवाय ते ऐकून घ्यायचं नाही. म्हणून दामोदरची बायको वत्सला ओट्याखाली उभी होती. तिची कपड्यांची बॅग गाडीत होती. इथून तिला थेट माहेरी सोडायचं आणि पुन्हा आणायचं नाही, असं दामोदरनं ठरवून टाकलं होतं. महाराजांनी हो म्हणायचं तेवढं बाकी होतं.

“रविवारी अंगणात मी स्वतः सगळं तपासलं,” दामोदर म्हणाला. “होल्डरचा गंज घासला, वायर आवळली, आत बसून ब्रेक दाबला. स्वतःचा मागचा दिवा स्वतःला दिसतो का? म्हणून हिला मागं उभं केलं. लागतोय का विचारलं, तर लागतोय म्हणाली. विचारा तिलाच.”

महाराजांनी मान वर केली. “म्हणालीस?”

“म्हणाले.”

“लागत होता?”

वत्सला खाली बघतच म्हणाली,

“नव्हता.”

“ऐकलंत?” दामोदर उसळला. “कुणाचा जीव गेला असता म्हणजे? हे बघा, सकाळी दोन्ही बल्ब काढले. आतली तार तुटलेली ढळढळीत दिसतेय. आणि ही बया म्हणते, लागतोय.”

त्यानं बल्ब महाराजांच्या नाकासमोर धरले. महाराजांनी ते हातात घेतले नाहीत.

“तुझ्याजवळच ठेव. जा, गाडीत बस आणि ब्रेक दाब. मी मागं उभा राहतो.”

“अहो, पण बल्ब तर...”

“बस म्हटलं ना.”

गुरूपुढं काय बोलणार. दामोदर दात खात गाडीत बसला. एका मुठीत बल्ब, पाय ब्रेकवर. म्हाताऱ्याला चळ लागला, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

“लागतोय का?”

मागून उत्तर नाही...

“महाराज, लागतोय का?”

...

आता मात्र त्याचा तोल गेला. खिडकीतून डोकं बाहेर काढून तो ओरडला, “दातखीळ बसली का? किती वेळ पाय दाबून बसू इथं? लागतोय की नाही, एवढं एक सांगता येत नाही? साधं उभं राहायचं कामसुद्धा धड जमत नाही तुम्हाला?”

“लागतोय,” महाराज म्हणाले.

दामोदर ताडकन उतरून मागं आला. दिव्यांच्या जागी दोन रिकामी भोकं होती. त्यानं मूठ उघडली.

“कसा लागेल? बल्ब इथं आहेत. महाराज, तुम्ही खोटं बोललात.”

“बोललो.”

“का?”

“तू ओरडायचा थांबावास म्हणून.”

वत्सलानं पहिल्यांदाच मान वर केली. दामोदर आत्ता खिडकीतून जे ओरडला, तेच शब्द तिनं रविवारी अंगणात ऐकले होते, शेजारच्या बायका कुंपणापाशी उभ्या असताना. दामोदरलाही ते आठवलं. आठवलं म्हणून तो आणखीच चिडला.

“म्हणजे सगळं माझ्यावरच आलं? आणि त्या माणसाचं मनगट?”

“ते तुम्ही दोघांनी मोडलंत,” महाराज म्हणाले. त्यांचाही आवाज आता कडक झाला होता. “ऐकलंस ना, पोरी?”

“हो, महाराज.”



“मग हिला माहेरी सोडू की नको, तेवढं सांगा,” दामोदर अखेर म्हणाला. राग गेला नव्हता, पण तो कुणावर काढावा हे त्याला कळेनासं झालं होतं.

“आधी नवे बल्ब बसव. मग हिला आत बसव, ब्रेक दाबायला सांग, आणि तू मागं उभा राहा.”

“राहीन की. मी काय हिच्यासारखा भितो? नाही लागला, तर नाही लागत म्हणून तोंडावर सांगेन.”

“सांगशीलच,” महाराज म्हणाले. “आत तू बसलेला नसशील.”