नीवारेची ओंजळ

कृतयुग सरत आले होते. सह्य पर्वताच्या पश्चिम उतारावर, जिथे मध्यान्हीचा सूर्यही पानांची अनुज्ञा घेऊनच भूमीवर उतरत असे, तिथे श्यामोदा नदीच्या तीरी मौंजायन ऋषींचा आश्रम होता. नीवारा ही त्यांची एकुलती कन्या, जन्मतःच मातेला अंतरलेली. पिता दीर्घकाळ समाधीत मग्न. शिष्य गुरुकन्येशी बोलायला कचरत. तेव्हा ती पोर वृक्षांशीच बोले. बेहड्याच्या ढोलीत निजे, पांगाऱ्याची फुले कानात घाली आणि औदुंबराच्या बुंध्याला टेकून आपली गाऱ्हाणी सांगे.

ती वयात आली त्या ग्रीष्मात दावकेतू नावाचा वरोन्मत्त असुर त्या अरण्यावर चालून आला. इंद्राने मेघांची सेना धाडली, दिशा विजांनी फाटल्या, आणि वज्राघाताने असुर कोसळला. पण कोसळताना त्याने अवघे अरण्य आपल्यासोबत पेटवले. ऋषी, शिष्य आणि नीवारा गुहेच्या आश्रयाने वाचली. बाहेर येऊन पाहतात तो उतारभर काळवंडलेली खोडे आडवी पडलेली. असुराच्या शापित अग्नीने ती अशी होरपळली होती की ना कुजत, ना मातीत मिळत. वनदेवता अरण्यानी शोकाने ते स्थान सोडून गेली होती.

मौंजायनांनी उत्तरेस नवा आश्रम वसवायचे ठरवले. नीवारा मात्र मागे राहिली. "मागून येते," एवढेच ती म्हणाली.

ती गेली नाही. रोज नदीवरून ओंजळीत पाणी आणून ती एकेका खोडावर सोडी, त्या वृक्षाचे नाव घेई आणि म्हणे, "तृप्त हो." ऋतू आले नि गेले. तिच्या हाकेला उत्तर द्यायला त्या उतारावर पाखरूसुद्धा उरले नव्हते. कधीकधी ती स्वतःचेच नाव मोठ्याने उच्चारी. कुणीतरी ते घ्यावे म्हणून.

शेवटी वृद्ध मौंजायन तिला न्यायला आले.

"वत्से, हे कोणते व्रत? तर्पण पितरांचे करावे. काष्ठांना कुठले कूळ नि कुठले गोत्र?"

"तात, आपण समाधीत होता तेव्हा मला ज्यांनी वाढवले, त्यांचे कूळ मीच आहे. त्यांना असे अर्ध्यावर टाकून मी कुठे येऊ?"

तो बोल ऋषींच्या वर्मी लागला. आणि खरा होता म्हणूनच त्यांचा क्रोध भडकला. "पित्याची आज्ञा मोडून निर्जीवांना पाणी देणाऱ्या मुली, यापुढे तुझ्या हातचे पाणी देव, मानव कुणीही पिणार नाही!"

शब्द सुटले आणि ऋषी मटकन खाली बसले. दूरच्या वाटचालीने त्यांचा कंठ सुकला होता. नीवारा नदीकडे गेली, ओंजळ भरून आली आणि तिने ती पित्याच्या ओठांशी धरली. ऋषींनी तोंड पुढे केले. पण त्यांचे ओठ उघडेनात. पाणी हनुवटीवरून ओघळून गेले.

"मी हे काय केले, बाळे!" ते हुंदका देऊन म्हणाले.

"आपण थकला आहात, तात. नदी जवळच आहे. आपल्या हातांनी प्या."

ते एकटेच उत्तरेस परतले. पुन्हा कुणी आले नाही.

केस पांढरे झाले, पाऊल उचलेनासे झाले, तेव्हा एका भरदुपारी नीवारा खोडाला टेकून बसली होती. तिच्या हाका ऐकून अरण्यानी परतली होती. हिरव्या वस्त्राची ती देवी तिच्याशेजारी मातीतच बसली.

"मी निघून गेले, तू थांबलीस. कन्ये, वर माग. मात्र ऋषींचा शाप मला पुसता येणार नाही."

"माते, माझ्यामागे यांना पाणी कोण देईल? तेवढे सांग. मग मी डोळे मिटते."

अरण्यानीने तिचे सुरकुतलेले हात आपल्या हातांत घेतले. "तुझी ओंजळच देईल. जिथे जिथे लाकूड मरून पडेल, तिथे ती उगवेल. तिला पान नसेल, फूल नसेल, बीज नसेल. तिच्यातले पाणी कुणी पिणार नाही. पण जे मातीला मिळत नाही, त्याला ती मातीत पोहोचवील."

नीवारेने मान डोलावली आणि तिचा श्वास थांबला.

पुढच्या वर्षाकाळी त्या काळ्या खोडांवर इवले इवले प्याले उमलले. पळसावर शेंदरी, औदुंबरावर हळदीसारखे पिवळे. कुठे जांभळे, कुठे निळसर हिरवे, तर कुठे मातीच्या पणतीसारखे तपकिरी. काही देठावर उभे, काही लाकडाला बिलगलेले. काहींच्या काठांना पापण्यांसारखी बारीक लव. जळक्या भूमीवर, जनावरांच्या शेणावर, जिथे दुसरे काही रुजेना, तिथेही ते आले. हळूहळू खोडे मऊ झाली, भुसभुशीत झाली, आणि त्यांच्या मातीतून बेहड्याचे पहिले रोप वर आले.

तीच ही प्याल्यांसारखी अळंबी. अजूनही दाट रानात, वाटेपासून दूर, ती पावसाचे पाणी धरून बसलेली असते. वाटसरू गळलेले फूल समजून पुढे जातात. पण एखाद्याने वाकून तिच्यावर हलकी फुंकर घातली, तर क्षणभराने तिच्यातून धुरासारखी रेघ उठते आणि कान लावला तर अगदी बारीक, सुस्काऱ्यासारखा आवाज येतो. आपल्याशी कुणी बोलले की नीवारा अशी उत्तर देते.