वाट्याची भिंत

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा घरं मातीची होती आणि गावाची रीत राजासुद्धा मोडत नसे.

नदीच्या वळणावर एक गाव होतं. तिथं नवं घर उभं राहायचं झालं की प्रत्येक कुटुंबानं त्याच्या अंगणाभोवती दोन हात भिंत घालून द्यायची. ज्याच्या दारासमोर जी बाजू येईल, ती त्याच्या वाट्याची. एकाच्या वाट्याची भिंत दुसऱ्यानं घालायची नाही, अशी रीत.

एके दिवशी राजाची दवंडी आली. ज्यांना आपलं नावगाव आठवत नाही, ज्यांना बघणारं कुणी उरलं नाही, अशा म्हाताऱ्या माणसांसाठी या गावात घर बांधायचं.

सगळा गाव चावडीपुढे जमला.

"असली भ्रमिष्ट माणसं आपल्या गावात? उद्या आपल्या पोरींना स्थळं कोण आणणार?" एक जण म्हणाला.

"माझ्या म्हशी बुजतील," दुसरा म्हणाला.

"तुला रोज बघून बुजत नाहीत, त्यांना बघून काय बुजतील!" मागून एक बाई बोलली आणि सगळे हसले.

एक लेकुरवाळी तेवढी हसली नाही. तिचं घर नेमकं त्या जागेसमोर होतं. कडेवर दीड वर्षाची पोर, नुकती पाऊल टाकायला लागलेली. ती उभी राहून म्हणाली, "ज्यांना स्वतःचं नाव आठवत नाही, त्यांचा काय भरवसा? माझी पोर उचलून कुठं नेली तर मी कुणाला विचारू? मी माझ्या वाट्याची भिंत घालणार नाही."

गावचा म्हातारा कारभारी शांतपणे म्हणाला, "तुझी भीती खोटी नाही, बाई. पण तुझी भिंत दुसरं कुणी घालणार नाही, एवढं ध्यानात ठेव."

कुरकुरत का होईना, बाकीच्यांनी आपापली भिंत घातली. घर उभं राहिलं. फक्त एका जागी दोन हात भगदाड उरलं. तेही लेकुरवाळीच्या दारासमोर!

"जिला सगळ्यांत जास्त भीती, तिच्याच तोंडावर वाट मोकळी," शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या.

लेकुरवाळीला राग आला. पण बोललेला शब्द मागं कसा घ्यायचा? तिनं रानातून बोरीच्या काट्या तोडून आणल्या आणि भगदाडाला लावून टाकल्या.

सात म्हातारी माणसं राहायला आली. भिंतींआड काय चाललंय ते गावाला दिसेना. मग गाव मनानंच गोष्टी रचू लागला. आत साखळ्या आहेत म्हणे. आत एक जण माणसांना चावतो म्हणे.

लेकुरवाळीला मात्र काट्यांतून सगळं दिसे. शेणी थापताना तिचा एक डोळा तिकडंच असे. एक आजोबा अंगणातला एकच कोपरा दिवसभर झाडत. एक आजी येईल त्याला विचारी, "माझी पोरगी जेवली का हो?" साखळी काही तिला दिसली नाही. तरी धाकधूक जाईना.

थंडी पडली. काट्यांतून वारा आत घुसू लागला. तिथं सांभाळायला असलेला माणूस तिच्याकडं आला. "ताई, म्हातारी माणसं कुडकुडतात हो. एवढी भिंत घाला."

"बघू," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर दूध उतू जायला लागलं म्हणून ती आत धावली. बाहेर येऊन बघते, तर पोर नाही! शेळीनं बोरीचा पाला ओढून खालच्या काट्या सरकवल्या होत्या. चिमुकली पावलं तिकडंच गेली होती.

ती काट्या बाजूला भिरकावत आत शिरली. पाहते तर पोर त्या आजीच्या मांडीवर.

"द्या माझी पोर!" ती ओरडली.

आजीनं पोरीला पदराखाली घेतलं. "तू कोण गं? मी कुणाच्याही हाती लेकरू देत नाही."

"अहो, मी आई आहे तिची!"

"कशावरून? आई असतीस तर एवढंसं लेकरू काट्यांत जाऊ दिलं असतंस? खूण सांग आधी."

लेकुरवाळी म्हणाली, "डाव्या कानामागं तीळ आहे."

आजीनं कान उलटून नीट पाहिलं. मग पोर तिच्या हाती दिली. "सांभाळ गं बाई. दिवस चांगले नाहीत."

पोरीच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. आजीचे हात मात्र कोपरापर्यंत रक्ताळले होते. काट्यांतून पोर ओढून काढली होती ती त्या हातांनी.

लेकुरवाळीनं तिथंच बसून ते हात धुतले आणि हळद लावली. आजी म्हणाली, "माझी पोरगी जेवली का गं?"

"जेवली, आजी," ती म्हणाली.

त्याच दिवशी तिनं माती कालवली. दोन्ही कडांना भिंत घेतली आणि मधोमध पोरीच्या बापाकडून एक दार बसवून घेतलं. कारभारी पाहायला आला. "रीत तर भिंतीची आहे, बाई."

"भिंती तुम्ही घातल्यात, काका, आणि अजून भिताय. मी आत बघितलंय. या, तुम्हीही बघा."

कारभारी वाकून आत गेला. मागून शेजारणी गेल्या, म्हशीवालाही गेला. त्या थंडीत म्हातारी माणसं उबेत राहिली. आणि लेकुरवाळी शेतावर जाताना पोरीला आजीकडं ठेवू लागली. संध्याकाळी न्यायला आली की रोज नेमानं कानामागची खूण सांगायची, तेव्हाच आजी पोर हातात द्यायची.

बोध: अनोळखी माणसाची भीती भिंत घालून जात नाही, त्याला जवळून पाहिल्यावर जाते.