न ओवलेले गांडूळ

फार पूर्वी गोदावरीच्या काठी पोतन नगरीत अश्मकांचा राजा सुखाने राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका कोळ्याच्या घरी जन्मला, त्याच काठावर वाढला आणि त्याच काठावर म्हातारा झाला. त्या जन्मी त्याचे नाव खेमक. आता कोणी विचारील, बोधिसत्त्व आणि मासे मारतो? तर बाबांनो, जन्म जसा वाट्याला येईल तसा त्यालाही घ्यावाच लागतो. फरक एवढाच, की तो घेतलेला जन्म आला तसाच परत करीत नाही.

उतारवयात खेमकाच्या डोळ्यांवर पांढरे पडदे आले आणि हळूहळू त्याला दिसेनासे झाले. त्याला एकच मुलगी होती, पदुमी. तिच्यासाठी त्याने उत्तिय नावाचा घरजावई आणला. उत्तिय आला तेव्हा शेजारपाजारचे म्हणाले, "आयत्या बिळावर नागोबा!" पण हा नागोबा पहाटेपासून पाण्यात उभा राहायचा, त्यामुळे ते बोलणे फार दिवस टिकले नाही. उत्तियाला आईबाप आठवत नव्हते. म्हाताऱ्याला 'मामा' म्हणता म्हणता कधी त्याचा मुलगा होऊन बसला, हे त्याचे त्यालाही कळले नाही.

नदीतल्या कासवडोहात मासे धरायचा हक्क या घराकडे होता. डोह खोल, आणि त्यात मनगटाएवढ्या जाड वामी. राजाच्या वसंतोत्सवाला या डोहातली वाम लागे आणि ती जो आणून देईल त्याच्याकडेच वर्षभर डोह राही. वाम मासा मोठा नखरेल. पिठाच्या गोळीला तो तोंड लावत नाही, मेलेले गांडूळ हुंगतही नाही. गळावर जिवंत गांडूळ वळवळत असले तरच तो बिळातून बाहेर येतो.

ही गांडुळे काढायचे आणि गळांना ओवायचे काम आंधळ्या खेमकाकडे होते. उंबराखालच्या ओल्या मातीत तो बोटांनी चाचपून गांडुळे काढी आणि एका फुटक्या मडक्यात ओला पालापाचोळा घालून त्यात ठेवी. पदुमी भाजीची देठे, फळांच्या साली, तांदळाचे धुवण, सगळे त्या मडक्यात टाकी. सकाळी उत्तिय पाण्याकडे जायच्या आत सारे गळ ओवून तयार असत. इतक्या वर्षांत उत्तियाने स्वतः एकही गांडूळ ओवले नव्हते. गावात नाव मात्र त्याचे होते, की उत्तियाच्या गळाला वाम लागते म्हणजे लागतेच. म्हाताऱ्याला त्याचे काही वाटत नसे. तो फक्त जेवायला बसताना रोज म्हणायचा, "आजचा घास कमावलाय बरं का मी. बसून खात नाही." आणि मगच पहिला घास घ्यायचा.

उत्सव जवळ आला होता. एका सकाळी खेमक नेहमीसारखा ओटीवर गळ ओवत बसला होता. डाव्या हातात गांडूळ, उजव्या हातात गळ. अंगणात पदुमीची तान्ही मुलगी एकदम खिदळली, म्हाताऱ्याचे लक्ष तिकडे गेले आणि गळाचे टोक त्याच्याच बोटात रुतले. त्याने झटकन बोट आखडले. त्याच क्षणी टोक डाव्या हातातल्या गांडुळालाही लागले होते, आणि त्यानेही अंग आखडले. दोघांनी एकदमच.

म्हातारा तसाच बसून राहिला. बोटातून रक्त येत होते. त्याने गांडूळ अलगद मडक्यात सोडले, पाल्याने झाकले आणि गळ खाली ठेवला.

उत्तिय गळ न्यायला आला तर एकही ओवलेला नाही. त्याला वाटले म्हाताऱ्याला ताप आला.

"मामा, बरं नाही का?"

"बरा आहे मी. पण जावईबापू, हे काम आता माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"म्हणजे आज नाही?"

"आज नाही, उद्याही नाही. माझ्या बोटाला लागलं तसंच त्याला लागलं. त्याला डोळे नाहीत, मलाही नाहीत. अंधारात बसलेल्याला कोणी टोचलं की कसं वाटतं, ते मला आज कळलं."

उत्तियाला आधी हसू आले. मग उत्सव आठवला आणि हसू विरले. पदुमी आतून पदराला हात पुसत आली. ती तोंडाची तिखट होती, पण मनात काही ठेवायची नाही. "अहो बाबा, जन्मभर लाखो ओवलीत, आता दया आली होय? आणि गांडुळाला जीव आहे तर माशाला काय नाही?"

"आहे गं," म्हातारा शांतपणे म्हणाला. "पण डोळे होते तोवर मासा दिसला की मला त्याचं वजनच दिसायचं. माशापर्यंत अजून माझा हात पोचला नाही. जे हातात आहे ते तर आधी सोडवू दे."

हे ऐकून पदुमी जास्तच चिडली. रागाच्या भरात तिने ते मडके उचलले आणि उतारावरून खाली वाळूत नेऊन पालथे केले. "घ्या! सोडवलं सगळ्यांना! आता वाळू खा!" पालथ्या मडक्याच्या तळाशी तीन-चार गांडुळे माती धरून राहिली, तेवढी उरली.

त्या दिवशी म्हाताऱ्याने जेवायला नकार दिला. कोणावर राग म्हणून नव्हे. घास कमावला नव्हता, म्हणून. पदुमीने वाढलेले ताट तसेच झाकून ठेवले आणि चुलीकडे तोंड करून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना उत्तिय उठला, तर म्हातारा दारात उभा. हातात काठी, खांद्यावर धोतराची लहानशी गाठोडी.

"कुठे निघालात?"

"नगरात राजाची दानशाळा आहे. आंधळ्यापांगळ्याला तिथे पोटभर मिळतं. तुमचा धंदा मी मोडायचा आणि तुमच्याच ताटात जेवायचं, हे बरं दिसत नाही. मी रागावून जात नाही हो. पोरीला सांगा."

डोह जाईल याची भीती उत्तियाला रात्रभर वाटली होती. पण म्हातारा जाईल असे त्याच्या मनातही आले नव्हते. या दारातून म्हातारा उतरला तर आपण पुन्हा पोरके होऊ, एवढेच त्याला त्या वेळी कळले. त्याने पुढे होऊन काठी धरली.

"मामा, तुम्ही ओवू नका. मी ओवतो. तुम्ही नुसते घरात बसा. पण जायचं नाव काढू नका."

म्हाताऱ्याने गाठोडी खांद्यावरून उतरवली. मग म्हणाला, "बरं. पण एकच करा. मी ओवत आलो तसं ओवा, डोळे मिटून. एवढ्यावर तुमचा हात थांबला नाही, तर मी मुकाट घरी बसून खाईन आणि गांडुळाचा विषय पुन्हा काढणार नाही. थांबला, तर मग दोघं मिळून बघू काय खायचं ते."

उत्तियाला हायसे वाटले. एवढेच ना? त्याच्यासारख्या कोळ्याला हे काय अवघड? मडक्यात उरलेल्यांपैकी एक गांडूळ घेऊन तो ओटीवर बसला. उजव्या हातात गळ धरला आणि डोळे मिटले.

प्रथम काहीच नाही. नदीचा आवाज आला. आत पदुमी लेकीला पाजत होती, तो चुटुचुटु आवाज आला. मग हातातले गांडूळ हलले. ते गार होते, ओले होते. ते हळूच पुढे सरकले, उत्तियाचे बोट त्याला लागले आणि कसला तरी आधार सापडावा तसा त्याने त्या बोटाला वेढा घातला. घट्ट नव्हे. नुसते धरून राहिले.

उत्तियाची लेक झोपेत अशीच त्याचे बोट धरून ठेवायची. ती कोणाचे बोट धरते आहे हे तिला माहीत नसायचे, आणि तिने धरले की तो अर्धा अर्धा प्रहर हलायचा नाही.

त्याचा गळ धरलेला हात पुढे गेला आणि थांबला.

त्याने डोळे उघडले. तळहातावर नुसते एक गांडूळ होते, रोज दिसते तसेच. उघड्या डोळ्यांनी ते ओवायला आताही कोणी अडवले नसते. म्हातारा तर बघूही शकत नव्हता. उत्तियाने उंबराखाली जाऊन ते ओल्या मातीवर ठेवले आणि ते आत शिरेपर्यंत तिथेच उभा राहिला.

परत येऊन तो ओटीवर बसला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "मामा, तुम्ही माझा धंदा बुडवलात."

"बुडवला खरा," म्हातारा म्हणाला आणि चाचपडत त्याच्या पाठीवर हात ठेवला. "ज्याचं जळतं त्याला कळतं, असं लोक म्हणतात. दुसऱ्याचं जळतं तेही कळतं, जावईबापू. फक्त अंमळ डोळे मिटावे लागतात."

उत्सव आला आणि गेला. त्या घरातून वाम गेली नाही आणि कासवडोह दुसऱ्या कोळ्याकडे गेला. लोकांना तर आयतेच कोलीत मिळाले. कोणी म्हणे, पाण्यात राहून माशाशी वैर धरू नये हे ऐकले होते, हा तर मैत्री करून उपाशी मरणार. उत्तिय नावेवर ओझी वाहू लागला. घरात दोन्ही वेळा पेज शिजू लागली. पदुमी पेज वाढताना बापाला टोचून बोलायची आणि दाट पेज त्याच्याच वाटीत ओतायची. म्हातारा आता 'कमावलाय' म्हणत नव्हता. उत्तिय स्वतः त्याच्या हातात वाटी द्यायचा आणि तो खाऊ लागेपर्यंत आपण घास घ्यायचा नाही.

पुढे एक दिवस पदुमी पाण्याला गेली ती घागर न भरताच धावत आली. तिने रागाने मडके उपडे केले होते, त्या वाळूत एक वेल पसरला होता. मडक्यातल्या सालींबरोबर खरबुजाच्या बिया गेल्या होत्या. वाळूत कधी काही उगवत नसे; पण गांडुळांनी खाऊन केलेली ती काळी माती तिथे पडली होती आणि त्या ओंजळभर मातीत वेलाने मूळ धरले होते. वेलावर मुठीएवढी फळे होती.

मग तिघेही कामाला लागले. नदी उतरली की उत्तिय वाळूत खड्डे करी. खेमक उंबराखाली गांडुळांना पालापाचोळा खाऊ घाली आणि त्यांची काळी माती हलक्या हाताने गोळा करी, एकालाही न दुखवता. पदुमी बिया लावी. फळ धरले की म्हातारा वाळूत रांगत जाऊन प्रत्येकाला टिचकी मारी आणि आवाजावरून सांगे, "हे आज तोडा. याला अजून झोपू दे." त्याची टिचकी कधी चुकली नाही. नगरातले लोक उन्हाळ्यात नदी ओलांडून त्यांच्या खरबुजांसाठी येऊ लागले. वसंतोत्सवाला राजाच्या पानातही ती गेली. जेवताना म्हातारा पुन्हा म्हणू लागला, "आजचा घास कमावलाय बरं का मी." आणि पदुमी म्हणायची, "तुम्ही नाही, तुमच्या गांडुळांनी!"

असे आयुष्य काढून तिघेही आपापल्या वेळी आपापल्या कर्माप्रमाणे पुढे गेले. उत्तियाने शेवटपर्यंत गळ हातात धरला नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात सांगितली, त्याला कारण झाले होते. संवर नावाचा एक भिक्षू रोज भिक्षेला उशिरा जाई, कारण ओल्या वाटेवर आलेली गांडुळे उचलून कडेच्या गवतात ठेवीत ठेवीत तो चाले. इतर भिक्षू त्याची थट्टा करीत होते. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा उत्तिय म्हणजे हा संवर. संवर उशिरा आला म्हणून जी उपासिका रोज रागावते आणि तरीही त्याचा वाटा झाकून ठेवते, ती पदुमी. आणि आंधळा खेमक मीच होतो."

थट्टा करणाऱ्यांपैकी एकजण ओशाळून पुढे आला. "भन्ते, ज्याने उत्तियाच्या बोटाला वेढा घातला, ते गांडूळ आज कोण आहे?"

शास्त्यांनी त्याच्याकडे मायेने पाहिले.

"ते मी सांगणार नाही. सांगितले, तर तुम्ही त्या एकालाच जपाल. आणि जी माया एकाला जपून थांबते, तिला मैत्री म्हणत नाहीत."